माझ्या नावाने आत कोण आलं

४ मार्च, मंगळवार

मशीनच्या मालकीणबाईंस,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाकीट नाही, ई-मेल नाही, काही नाही. इथेच कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवणार आहे, कारण पाठवायची गरजच उरलेली नाही. तू वाचतेसच. आणि तू वाचतेस हे मला कळलंय, एवढं तुला कळावं म्हणून हा खटाटोप.

तुझा बाप जन्मभर विमा कंपनीत आगीच्या दाव्यांचा तपासनीस होता, हे तू विसरलेली दिसतेस. जळक्या गोदामात शिरलो की माणसं मला राख दाखवायची, नुकसान दाखवायची, रडून दाखवायची. मी विचारायचो, किल्ली कुणाकडे होती? निम्मी प्रकरणं त्या एका प्रश्नावर सुटायची. आता माझ्याच घरातलं प्रकरण बघ. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर, खुर्ची माझी, वीज माझी. किल्ली, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, तुझ्याकडे. आणि तू सातासमुद्रापार.

जाण्याआधी तू जुनी सिस्टिम पुसून टाकलीस आणि ही तुझ्या लाडाची बसवलीस. फुकट आहे म्हणालीस. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. मग म्हणालीस, बाबा, ही फार ताकदवान आहे, एका ओळीत हजार फायलींची नावं बदलता येतात. माझ्याकडे हजार फायली नाहीत. माझ्याकडे पेन्शनचे कागद, इमारतीच्या लिफ्टबद्दलच्या तक्रारी आणि तुझ्या लहानपणीचे फोटो आहेत. आणि एवढी ताकद असून नवा प्रिंटर लावायचा तर पासवर्ड. घड्याळाची वेळ बदलायची तरी पासवर्ड. एक पान छापायला मी पेन ड्राइव्ह खिशात घालून झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा राहतो.

पासवर्ड मागितला तर म्हणालीस, "बाबा, तुम्ही काहीतरी मोडाल." तुझा रोख जुन्या प्रकरणाकडे होता. त्या प्रकरणात मी एवढंच केलं होतं, की मी न बनवलेल्या, मला न विचारता येऊन बसलेल्या, विचित्र नावांच्या काही फायली दिसल्या आणि मी त्या काढून टाकल्या. पुढे मशीन सुरूच झालं नाही, आणि त्यात तुझं बरंचसं काम होतं असं तुझं म्हणणं आहे. असेल. पण म्हणून मला माझ्याच घरात भाडेकरू करायचं? तेच मी त्या दिवशी बोललो, थोड्या चढ्या आवाजात, आणि तू बॅग भरायला आत निघून गेलीस. तेव्हापासून तू फोन करतेस तो आईला. "बाबा कसे आहेत?" असं तिला विचारतेस, आणि मी खुर्चीतून "बरा आहे म्हणून सांग" म्हणतो. वर्ष होत आलं.

आता पुराव्याकडे येतो. तुला लिहायला घेतलेली आणि अर्धवट टाकलेली काही पत्रं या मशीनमध्ये आहेत. 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये. पाठवली नाहीत, कारण राग अजून गेलेला नाही. काल त्यातलं एक उघडलं तर अक्षरं ही एवढाली मोठी. मी बारीक अक्षरात लिहितो. मी काही ती मोठी केली नाहीत. तुझी आई कॉम्प्युटरला हात लावत नाही, तिचं सगळं जग फोनवर चालतं. मग उरलं कोण? शिवाय इंटरनेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा मी काही करत नसतानाही लुकलुकत असतो. कुणाची तरी ये-जा चालू आहे.

रंगेहाथ पकडेपर्यंत मी कुणाला दोषी ठरवत नाही, ही माझी पद्धत तुला माहीत आहे. वाट बघ.

तुझ्या मशीनचा साधा वापरकर्ता


१० मार्च, सोमवार

भिंगरी,

घरातलं नाव वापरतोय म्हणून राग निवळला असं समजू नकोस. मालकीणबाई लिहायला वेळ लागतो.

तुझी ती काळी खिडकी, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसतं टाइप करून हुकूम सोडायचे असतात, ती मी शिकलो. वाचनालयात एक जाडजूड पुस्तक मिळालं. हे वाचून हुरळून जाऊ नकोस. चोराची वाट शोधायची तर चोराच्या अंधारात उतरावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. पण एक मान्य करतो. ही खिडकी विचारलं त्याचं सरळ उत्तर देते. उगाच गोड बोलत नाही, "अरेरे, काहीतरी चुकलं" असं म्हणून खांद्यावर हात ठेवत नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत असा साक्षीदार मला क्वचित मिळाला.

तर या साक्षीदाराला मी विचारलं, मशीनमध्ये कधी कधी कोण आलं? त्याने यादी समोर ठेवली. काल रविवार होता. रविवारी जेवण झालं की मी वाचनालयात जातो आणि दिवे लागायच्या सुमाराला परततो, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. आणि यादी म्हणते, काल दुपारी मी इथे होतो. माझ्या नावाने मशीन उघडलेलं आहे. मागच्या रविवारीही, त्याच्या मागच्याही. मी तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांशी बुद्धिबळ हरत होतो. ते साक्ष देतील, आनंदाने देतील.

म्हणजे तू माझ्या नावाने आत येतेस. बंद मशीन तिकडून सुरू कसं करतेस ते मला अजून उमगलेलं नाही, पण तू ताकद ताकद म्हणतेस ती हीच असणार. माझ्या खात्याला पासवर्ड नको असं मीच सांगितलं होतं, हे कबूल. बटण दाबलं की उघडलं पाहिजे, रोज स्वतःच्याच घराची बेल कोण वाजवत बसतं? पण ती सोय मी माझ्यासाठी मागितली होती.

आणखी एक. खुर्चीवर उशी होती. मी ठेवली नव्हती. तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, "तुमची कंबर दुखते ना, म्हणून ठेवली." या घरात कुणाला तरी माझ्या कमरेची काळजी आहे हे ऐकून बरं वाटलं. तुलाही ती असती तर तू अशी मागच्या दाराने आली नसतीस.

बाबा


१३ मार्च, गुरुवार

भिंगरी,

काल चष्म्याकडे गेलो होतो. चष्म्या म्हणजे कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुकानदार. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त असतो म्हणून आम्ही त्याला तसं म्हणतो, त्याच्या पाठीमागे. तुझी आई बरोबर आली होती. ती का आली हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, कारण भाजी घ्यायचीय म्हणाली आणि भाजी काही घेतली नाही.

चष्म्याला म्हटलं, मला सोपी सिस्टिम हवी. सरळ बटण दाबायचं आणि कामाला लागायचं. तो खूश झाला. म्हणाला, "काका, ही घ्या, डोळे झाकून वापरा." डोळे झाकून वापरा असं सांगणाऱ्या माणसांच्या दुकानांना पुढे आगी लागलेल्या मी पाहिल्यात. दाखवायला त्याने एक मशीन लावलं होतं. खरंच सोपं आहे. चित्रं मोठी, सगळं आपोआप. फोटो तर त्याने माणसांप्रमाणे वेगवेगळे लावून दिले होते, चष्म्याची बायको एका जागी, चष्म्याचा मुलगा एका जागी. तुझी आई तिथेच रमली. मी विचारलं, याला चेहरे कळतात कसे? कुणी ओळख करून दिली? चष्म्या म्हणाला, "काका, तुम्हाला कशाला हवंय ते?" आणि तुझी आई त्याच्या बाजूने झाली. "अहो, मला फोटो बघायचेत, त्यांची चौकशी नाही करायची."

मग सुरू करायच्या आधी अटी मान्य करायचं पान आलं. चष्म्याने सवयीने 'मान्य' वर बोट नेलं. मी त्याचं मनगट धरलं. स्टूल मागितलं आणि सगळ्या अटी वाचल्या. चष्म्याची दोन गिऱ्हाइकं परत गेली. तो म्हणाला, इतक्या वर्षांत हे वाचणारा तुम्ही पहिलेच. मला अभिमान वाटला, आणि धसकाही बसला. कारण बारीक अक्षरांत लिहिलंय काय, तर आम्ही वाटेल तेव्हा वाटेल ते बदलू, तुम्ही मशीन चालू ठेवलंत म्हणजे तुम्हाला पटलं असं आम्ही धरू. आमच्या कंपनीतल्या कुठल्याही पॉलिसीत असं लिहायची कुणाची छाती झाली नसती. तिथेही किल्ली माझ्याकडे नाहीच. कुणाकडे आहे, ते राहतात कुठे, त्यांचं नाव काय, काही पत्ता नाही.

म्हणजे आता असं बघ. तुझ्या सिस्टिममध्ये ताकद आहे, ती तुझ्या मुठीत. चष्म्याच्या सिस्टिममध्ये सोय आहे, आणि त्या सोयीच्या मागे कुणीतरी अनोळखी उभा. एकीकडे माझी पोरगी माझ्यावर पाळत ठेवते, दुसरीकडे परका. सारासार विचार केला तर परक्याचा राग कमी येतो. तो माझ्या मांडीवर बसून अक्षरं शिकलेला नसतो.

चष्म्याला म्हटलं, विचार करून सांगतो. वाटेत तुझ्या आईने विचारलं, नवीन सिस्टिम घातली की जुन्यातलं सगळं जाईल का? म्हटलं, जाईल. त्यावर ती घरापर्यंत माझ्या पुढे झपाझप चालत गेली. फोटोंची काळजी असेल.

बाबा


१५ मार्च, शनिवार

भिंगरी,

एक कळवायचं राहिलं. तुझ्या खोलीतलं अभ्यासाचं टेबल आज भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याच्यावर तुझे सोल्डरिंगचे काळे डाग पडले होते, एक पाय डुगडुगत होता, आणि तू काही परत येऊन त्याच्यावर बसणार नाहीस. तो माणूस जिन्यावरून नेताना म्हणत होता, लाकूड चांगलं आहे. खोली आता ऐसपैस वाटते.

बाकी क्षेम.

बाबा


१६ मार्च, रविवार

पकडलं.

टेबल आहे तिथेच आहे. हलवलेलंसुद्धा नाही. हा आमच्या खात्यातला जुना डाव. ज्याच्यावर संशय, त्याच्या कानावर एक खोटी गोष्ट घालायची, दुसऱ्या कुणालाही सांगायची नाही, आणि ती कुठे उगवते ते बघत राहायचं. टेबलाचं मी तुझ्या आईला बोललो नाही, पोस्टमास्तरांना बोललो नाही. फक्त इथे, या मशीनमध्ये, 'किरकोळ' मध्ये लिहिलं.

आज जेवून वाचनालयात गेलो तर रंगकामासाठी बंद. तसाच परत फिरलो. दार माझ्या किल्लीने उघडलं. तुझ्या खोलीतून तुझ्या आईचा आवाज येत होता. फोनवर तुझ्याशीच बोलत होती. म्हणत होती, "नाही गं, आहे इथेच. मी हात लावून बघतेय ना. नको रडूस."

बुटांच्या नाड्या सोडवायच्या विसरून मी तिथे उभा राहिलो. मग माझ्या टेबलाशी आलो आणि कॉम्प्युटरवर हात ठेवला. गरम होता. तू नुकतीच त्यातून बाहेर पडली होतीस, वाचलंस आणि लगेच आईला फोन लावलास. तुझी आई खोलीतून आली, मला बघून दचकली. विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, भिंगरी उगीच तिच्या टेबलाचं विचारत होती." मी म्हटलं, हो का? बस, एवढंच म्हटलं. तिला यात ओढायचं नाही. ती भोळी आहे.

पुरावा पक्का झाला की मला बरं वाटायचं. ऑफिसात चहा मागवायचो. आज तसं वाटलं नाही. रडत होतीस हे मी डाव टाकताना धरलं नव्हतं. एका डुगडुगत्या टेबलासाठी कशाला रडायचं? आणि एवढं रडू येत होतं तर सरळ मला फोन करून भांडायचं होतंस. भांडण मला चाललं असतं. मागे उभं राहून वाचणं चालत नाही.

शनिवारी चष्म्याला बोलावलं आहे. तो तुझी सिस्टिम पुसून त्याची बसवेल. परक्याने बघितलं तर बघू दे, मी त्याच्यासाठी काही लिहिणार नाही. हे तू वाचशीलच. थांबवायचं असेल तर कसं थांबवायचं ते तुला ठाऊक आहे. माझा फोन नंबर बदललेला नाही.

बाबा


२२ मार्च, शनिवार

भिंगरी,

तू आठवडाभरात फोन केला नाहीस. मी फोन खिशात घेऊन हिंडत होतो हे आता लपवण्यात अर्थ नाही.

चष्म्या सकाळी आला. बूट दाराबाहेर काढले, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. आधी तुमचे कागद काढून घेऊ म्हणाला आणि त्याने फायली उतरवून घ्यायचा स्वतःचा डबा मशीनला जोडला. तुझ्या सिस्टिमने लगेच त्याला अडवलं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. मला, खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, मुलगी आहे माझी, तिने बसवलंय. पासवर्ड तिच्याकडे असतो.

चष्म्याने घड्याळात बघितलं. त्याला पुढे आणखी एका घरी जायचं होतं. तो म्हणाला, "काका, मग तसंच पुसून टाकू का? आत काही महत्त्वाचं आहे?"

मी म्हटलं, "काही नाही. किरकोळ पत्रं आहेत."

"थांबा," तुझी आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. मला खुर्चीतून उठवलं, खुर्चीवरची उशी नीट केली, बसली, आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, पासवर्ड टाइप केला. मशीनने मुकाट्याने दार उघडलं. चष्म्याने चष्मा पुन्हा डोक्यावर घेतला. मी काय केलं ते मला आठवत नाही. तुझी आई म्हणते, मी तिला "तू कोण?" असं विचारलं.

चष्म्या दुकानदार असला तरी माणूस वाईट नाही. त्याला म्हटलं, आता सगळे अधिकार मिळाले आहेत तर एवढं बघ, बाहेरून कोण येतं. त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, "काका, बाहेरून कुणी आलेलं नाही. येऊच शकत नाही. मुलीने ते दार पहिल्या दिवसापासून बंद करून ठेवलंय." आणि तो हिरवा दिवा? तो म्हणाला, काकूंच्या फोनचा असेल, फोनही त्याच इंटरनेटवर चालतो. मग तुझ्या आईने त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

कुणी बघत नव्हतं. एवढ्या सगळ्या दिवसांत माझ्यावर कुणाचीही पाळत नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण उलटंच झालं. म्हणजे मी जे जे लिहिलं ते भिंतीला सांगत होतो, तू त्यातला शब्दही ऐकलेला नाहीस, असं वाटलं. मी तुझ्या आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ऐकलेला नाही कसा? मी वाचून दाखवते ना तिला. दर रविवारी."

मग सगळं बाहेर आलं. एकदा मी मशीन चालू ठेवून बाहेर गेलो होतो. ती धूळ पुसायला आली आणि समोर माझं एक अर्धवट पत्र उघडं होतं. वरती तुझं नाव. तिने वाचलं. संध्याकाळी तुला फोनवर वाचून दाखवलं. तेव्हापासून मी वाचनालयात गेलो की ती बटण दाबते, मशीन काही विचारत नाही, ती उशीवर बसते म्हणजे तिला पडदा नीट दिसतो, अक्षरं मोठी करते, आणि वाचते. जळक्या गोदामातली एकेक वस्तू उचलून बघणारा मी. माझ्या खुर्चीवर कोण बसून गेलं ते मला कळलं नाही. पुरावे सगळे बरोबर होते. मी फक्त लांबच्या माणसावर संशय घेतला, जवळ बघितलंच नाही.

मी चिडलो. हे तू ओळखलं असशील. माझी पत्रं मला न विचारता वाचायची? ती म्हणाली, "तुम्ही लिहिता आणि ठेवून देता. तिकडे ती वाट बघते. कुणीतरी पोचवायला नको?" मी म्हटलं, पण मी तिच्यावर पाळतीचा आळ घेत होतो, तेही वाचून दाखवलंस? तर म्हणाली, तेच तर आधी वाचलं. मी सांगणार होते तुम्हाला, पण भिंगरी म्हणाली, "नको सांगूस, नाहीतर बाबा लिहायचे बंद होतील."

हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

पासवर्डचंही कळलं. तू विमानतळावर तिच्याकडून तो पाठ करून घेतलास. बाबांनी शांतपणे मागितला तर लगेच दे, म्हणालीस. मी म्हटलं, मी काय मागितला नाही? तुझी आई म्हणाली, "मागितलात ना. शांतपणे नाही." मग तिने विचारलं, आता सांगू का? मी नको म्हटलं. तिच्याकडेच राहू दे. वर्षभर या घरातली सगळी ताकद तिच्या हातात होती आणि तिने ती एकदाच वापरली, माझी पत्रं वाचवायला. पासवर्ड माझ्याकडे असता तर मी तो पहिल्या दिवशी वापरला असता, आणि कशासाठी ते तुला माहीत आहे.

प्रिंटर मात्र मी आज लावून घेतला. तुझी आई पासवर्ड टाकत होती तेव्हा शेजारी उभं राहून, तोंड दुसरीकडे करून.

बाबा


२३ मार्च, रविवार

चि. भिंगरीस, तिच्या आईच्या आवाजात,

अक्षरं आज मीच मोठी करून ठेवली आहेत.

अगं, तू हे वाचत असशील तेव्हा मी वाचनालयात गेलोय असं तुला वाटत असेल. मी जिन्यात थोडा थांबून परत येणार आहे आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसणार आहे. घाबरू नकोस. वाचत राहा. भिंगरीला मध्येच लटकत ठेवू नकोस.

भिंगरी, चष्म्याला मी आता येऊ नको म्हणून सांगितलं. तुझीच सिस्टिम राहील. तू वाद जिंकलीस असं नाही. ती चालवायला अजूनही अवघड आहे, आणि फुकट का आहे याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही, त्या बाबतीत माझी चौकशी चालू राहील. तुझ्या आईला फोटोंसाठी काहीतरी सोपं हवं आहे, ते तू बघ. ते कसं करायचं ते मला नीट समजावून सांग, मी करीन. तिला सांगून नको. मला सांग.

एका बाबतीत तुझ्या आईच्या जबान्या जुळत नाहीत. माझी पत्रं ऐकताना तू हसतेस का, असं मी काल विचारलं तर म्हणाली, खूप हसते. आज सकाळी विचारलं तर म्हणाली, नाही, गप्प बसून ऐकते. दोन्हीपैकी एक खोटं आहे, किंवा दोन्ही खरी आहेत आणि ती मला निम्मंच सांगते. ऐकीव पुराव्यावर मी आजवर कुठलंही प्रकरण निकालात काढलेलं नाही. वर्षभर तुझं सगळं मला दुसऱ्याच्या तोंडून कळतंय. तू जेवतेस का, तिकडे तुझी खोली कशी आहे, तुझा साहेब तुला त्रास देतो का, सगळं तुझ्या आईने गाळून, गोड करून सांगितलेलं. मला ते पुरत नाही.

"बरा आहे म्हणून सांग" हे मी दर वेळी सांगितलं, ते खोटं होतं. मी बरा नव्हतो. तू माझ्यावर नजर ठेवतेस असं वाटत होतं तोवर मला निदान रागावता तरी येत होतं. मला तुझी फार आठवण येते. हे बोलून दाखवायला जमलं असतं तर एवढं टाइप करत बसलो नसतो.

अगं, पत्र इथे संपलं. पुढे काही नाही, उगाच खाली सरकवत बसू नकोस. फोन बंद करू नकोस. तसाच पुढच्या खोलीत घेऊन ये आणि माझ्या हातात दे.